पाचाच्या जागी तीन

आमच्या बार्शीच्या घरात पिठाचा जो स्टीलचा डबा आहे, त्यावर भलत्याच घराचं नाव आहे. नावाखाली लग्नाची तारीख आहे, तीही चुकीची. माझे वडील भांड्यांच्या दुकानात नावं घालायचे. तांब्या-पितळेवर छिन्नी-हातोडीने टिंब टिंब करत, आणि पुढे स्टीलवर त्या विजेच्या मशीनने, ज्याची सुई ट्रर्र करत थरथरते. लग्नसराईत आहेराच्या भांड्यांची नुसती चळत लागलेली असायची. अशाच एका संध्याकाळी त्यांनी १२ तारखेच्या जागी २१ कोरली. स्टीलवर कोरलेलं पुसत नाही. घासून घालवायला गेलं तर तिथे डाग उठून दिसतो. दुकानदाराने डब्याची किंमत पगारातून कापली आणि डबा आमच्या घरी आला. आईने त्यात पीठ भरलं. मी लहानपणी त्या डब्यावरचं नाव वाचून विचारायचे, या कोण आपल्या? वडील म्हणायचे, या आपल्या चुकीच्या मावशी.

'मी पण तुमचंच काम करते,' असं मी वडिलांना फोनवर सांगते. ते अर्धं खरं आहे. भोसरी एमआयडीसीतल्या एका जॉब शॉपमध्ये मी लेझर मार्किंग करते. मेकॅनिकलचा डिप्लोमा, कंत्राटी नोकरी, इंद्रायणीनगरला तिघींत एक खोली, आणि जगाला रविवारी असते ती सुट्टी आम्हाला गुरुवारी. शेडमध्ये सीएनसी आणि व्हीएमसी मिळून चौदा मशीन आहेत. माझं पंधरावं, सगळ्यात शेवटी, धुलाईची टाकी आणि पॅकिंगचं टेबल यांच्या मधल्या कोपऱ्यात. एक खांब, त्यावर वरखाली होणारं डोकं, डोक्याला खाली भिंग, बाजूला कॉम्प्युटर, पायाशी पॅडल. ट्रेमधून जॉब उचलायचा, फिक्स्चरमध्ये बसवायचा, पॅडल दाबायचं, काढायचा, दुसरा. वडील नावं घालायचे, मी नंबर घालते. फरक एवढाच की ही भांडी कुणाच्या आहेरात जात नाहीत, ती ट्रॅक्टरमध्ये, पंपामध्ये, कुठल्या तरी व्हॉल्व्हमध्ये जातात आणि पुन्हा कुणाला दिसत नाहीत. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर दिसत नाहीत.

माझ्या आधी या कोपऱ्यात नंबर पंचांचा लाकडी डबा होता. शून्य ते नऊ आणि ए ते झेड, पोलादी खुंट्या. एकेक धरायचा आणि हातोडी मारायची. कडक केलेल्या जॉबवर पंचच बोथट व्हायचा, आणि पातळ बुशवर जरा जोरात बसला की आतलं बोअर अंडाकृती. शाईचा शिक्का तेलात धुऊन जायचा. तो डबा अजून आहे, त्यावर मी माझी पाण्याची बाटली ठेवते.

लेझर म्हटलं की लोकांना सिनेमातली लाल नाहीतर हिरवी रेघ आठवते. आमच्या फायबर लेझरचा उजेड दिसतच नाही. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला कळणाऱ्या रंगांच्या पलीकडची. जॉबवर जी लाल चौकट फिरताना दिसते ती फक्त जागा दाखवण्यापुरती. खरं काम करणारा किरण अदृश्य असतो, म्हणून तो जास्त धोक्याचा. दिसला असता तर पापणी आपोआप मिटली असती. त्यासाठी १०६४ चा म्हणून खास चष्मा मिळतो, साधा गॉगल चालत नाही. आमच्याकडे एक आहे. तो पहिले सहा महिने खिळ्याला लटकलेलाच होता, आणि माझी अक्कल त्याच्या शेजारी. मग पॅकिंगच्या एका मुलाने मार्किंग चालू असताना जवळून व्हिडिओ काढला आणि त्याच्या नव्या फोनच्या कॅमेऱ्यावर कायमचा ठिपका पडला. आता त्याच्या सगळ्या सेल्फीत आकाशात एक जादा तारा असतो. त्या दिवसापासून मी चष्मा लावते.

ताकद म्हणाल तर २० वॅट. घरातल्या एलईडी ट्यूबइतकीच. पण हे २० वॅट सलग येत नाहीत, ठोक्यांनी येतात. सेकंदाला वीस हजार ठोके, आणि एक ठोका सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागाएवढा. सगळी शक्ती तेवढ्यात कोंबल्यामुळे त्या क्षणापुरती ती दहा हजार वॅटच्या घरात जाते, आणि तीही केसापेक्षा बारीक ठिपक्यावर. तिथला धातू वितळतो, थोडा वाफ होऊन उडतो, आणि खळगा राहतो. डोक्याच्या आत दोन चिमुकले आरसे आहेत, एक किरण आडवा फिरवतो, दुसरा उभा. बाकी सगळं वडिलांच्या सुईसारखंच. तीही ठोकेच मारायची, फक्त तिचे ऐकू यायचे.

तसे आमचेही ऐकू येतात. हे मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे तीन नंबरच्या मशीनचे ऑपरेटर, पन्नाशी ओलांडलेले, माझ्यासारखेच कंत्राटी. मी नवीन असताना पट्टीने उंची मोजून फोकस लावत होते आणि अक्षरं पुसट येत होती. ते चहाला जाताना थांबले आणि म्हणाले, "पोरी, डोळ्यानं नको लावू, कानानं लाव." डोकं हळूहळू खाली आणायचं. फोकस चुकलेला असतो तेव्हा आवाज फुसफुसतो, बरोबर उंचीला आला की कडक होतो, पापड तळल्यासारखा. काकांनी आयुष्यात लेझर चालवलं नव्हतं. त्यांनी नुसतं जाता-येता ऐकलं होतं.

एकदा कान तयार झाला की मग कळतं, प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा. साधं पोलाद समजूतदार. काळं ॲनोडाइज केलेलं ॲल्युमिनियम सगळ्यात सोपं, वरचा रंगीत थर उडवला की खालून पांढरी अक्षरं निघतात. स्टेनलेसला दोन तऱ्हा. खोल कोरता येतं, नाहीतर फोकस जरा सोडून, हळू फिरवून, धातू नुसता तापवायचा. पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि ऑक्साइडचा काळा थर धरतो. बोट फिरवलं तर काही लागत नाही. दिसायला हे फार सुंदर असतं, पण जास्त तापवलं तर स्टेनलेसचा गंज न धरण्याचा गुण तेवढ्या जागी कमी होतो आणि महिन्याभराने अक्षरं तपकिरी होतात. स्टीलच्या डब्याला गंज चढलेला पाहिला की जी चिडचिड होते, तीच.

प्लॅस्टिक मात्र लहरी. काळ्या एबीएसवर मारलं की ते आतून फुगतं, बारीक बुडबुडे येतात आणि फेसासारखी फिकट अक्षरं उमटतात. जरा ताकद जास्त झाली की तीच अक्षरं पिवळट, करपलेली. पांढऱ्या नायलॉनवर आमचं लेझर जवळजवळ आंधळं, किरण त्यात शोषलाच जात नाही. त्यासाठी प्लॅस्टिकच्या दाण्यांतच वेगळी पूड मिसळावी लागते किंवा ३५५ नॅनोमीटरचं अतिनील लेझर लागतं, जे आमच्या शेठच्या बजेटमध्ये बसत नाही. आणि पीव्हीसी कधीही नाही. एकदा कुणीतरी केबलची स्लीव्ह आणून दिली, "ताई, यावर जरा नंबर टाका." दोन मारल्या आणि घशात मिरची गेल्यासारखं झालं. पीव्हीसीत क्लोरीन असतं, ते जळलं की आम्लाचा वायू सुटतो, फुप्फुसांना वाईट आणि भिंगालाही. सुपरवायझर पळत आले. त्यांना पहिली काळजी भिंगाची होती, पण मशीन बंद केलं हे महत्त्वाचं.

आता नंबराबद्दल. तुम्ही सोन्याचा दागिना घेतला असेल तर त्यावर भिंगातून दिसणारा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. फोनवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिन्याची कुंडली निघते. आमच्या लोखंडाचंही तसंच. फक्त आम्ही आकड्यांसोबत एक चौकोन मारतो, डेटा मॅट्रिक्स. क्यूआर कोडचा धाकटा भाऊ म्हणा. डावीकडे आणि खाली सलग रेघ, वर आणि उजवीकडे एक आड एक ठिपके, आणि आत माहिती. आमचा १६ बाय १६ घरांचा असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. त्यात सोळा अक्षरं मावतात: आमचा कोड, तारीख, पाळी, मशीन नंबर, अनुक्रमांक.

या चौकोनातली मला आवडणारी गोष्ट अशी की त्यातली निम्मीच जागा माहितीला असते. उरलेली निम्मी दुरुस्तीसाठी. बारा भाग माहितीचे, बारा भाग ती बिघडली तर परत काढायचे. कोपरा घासला, ओरखडा पडला, तेलाचा डाग बसला, तरी रीडर हिशोब करून मूळ अक्षरं शोधून काढतो. मारल्यावर आम्ही कोड तपासतो, त्याला ए पासून एफ पर्यंत ग्रेड मिळते. ग्राहकाला किमान सी लागते. माझे कोड ए यायचे. मला त्याचा अभिमान होता. कॉलेजात कधी ए मिळाला नव्हता.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका ग्राहकाचा मेल आला. ट्रॅक्टरच्या एका जोडणीत बसणारा बुश, बोअर तीस मायक्रॉनने मोठं. पिन सैल बसतेय. लाइनवर सत्तराहून जास्त नग सापडले होते आणि सगळ्यांचे कोड त्यांनी वाचून पाठवले होते. एकच तारीख, दुसरी पाळी, मशीन तीन. पूर्वी अशी तक्रार आली की आठवडाभर 'माल आमचाच का' यावर वाद चालायचा. आता दहा मिनिटांत माणूस सापडला. चोवीस तासांत पहिलं उत्तर द्यायचं होतं, आठ पायऱ्यांचा तो छापील अहवाल असतो. मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं, ऑपरेटरचं दुर्लक्ष.

काका म्हणाले, मी दर तासाला प्लग गेज लावलाय, तपासणीच्या कागदावर सही आहे माझी. त्यांना कागद कुणी मागितला नाही. कोड तीन म्हणत होता. शनिवारी त्यांना ब्रेक दिला. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: कंत्राटी माणसाला काढत नाहीत, ब्रेक देतात. बोलावू म्हणतात. त्यांनी जाताना माझ्या टेबलावर त्यांचा स्टीलचा पेला ठेवला, "राहू दे इथंच, येईन की."

सोमवारी पॅकिंगच्या टेबलावर त्या मेलची छापील प्रत पडली होती. मी ती कोडसाठी वाचली, खरं सांगायचं तर ग्रेड कशी आलीय ते बघायला. सगळे व्यवस्थित वाचले गेले होते. मग अनुक्रमांक दिसले. ३०१ पासून ३७७ पर्यंत, सगळे या टप्प्यातले.

उत्पादनाच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी दुसऱ्या पाळीत तीन नंबरवर २६८ नग निघाल्याची नोंद होती. तोच बुश पाच नंबरच्या मशीनवरही चालू होता, तिथे २१२. आणि माझ्या कॉम्प्युटरवर त्या पाळीचा शेवटचा अनुक्रमांक होता ४८०. मशीन तीन, ४८०. मशीन पाच, एकही नाही.

बेरीज करायला कागद लागला नाही. तारीख कॉम्प्युटर स्वतः घेतो. अनुक्रमांक आपोआप वाढतो. मशीनचा आकडा मात्र ट्रेबरोबरच्या रूट कार्डवरून मी हाताने टाकते. तीनचे ट्रे संपले, पाचचे आले, आणि मी आकडा बदलला नाही. पॅडल दाबत राहिले. २१२ वेळा. प्रत्येक कोड तपासला आणि प्रत्येकाला ए मिळाला. ओरखडा पडला असता तर त्या चौकोनाने स्वतःला दुरुस्त केलं असतं. पाचाच्या जागी तीन लिहिलंय, हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. त्याचं काम वाचता येणं, खरं असणं नव्हे. ते माझं काम होतं.

मी ताबडतोब जाऊन सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी सात दिवस सांगितलं नाही.

पाच नंबरवर एक मुलगा होता, एकोणीस वर्षांचा, आयटीआय करून नुकताच ट्रेनी म्हणून आलेला. मला ताई म्हणायचा. मी तोंड उघडलं की आधी माझी नोकरी जाणार, मग त्याची. काका अनुभवी आहेत, त्यांना कुठेही काम मिळेल, असं मी स्वतःला समजावलं. त्या आठवड्यात मी मशीनचा आकडा प्रत्येक ट्रेला तीन-तीनदा तपासत होते आणि टेबलावरचा पेला सकाळी आल्याबरोबर कापडाखाली झाकत होते.

सातव्या दिवशी जे डोक्यात आलं ते पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. काकांच्या मशीनची झडती झाली होती. सेटरने तीन नंबर उघडून बघितलं, त्यात काही सापडलं नाही, तरी टूल बदललं आणि अहवालात सुधारणा म्हणून लिहिलं. पाच नंबरला कुणी हात लावला नव्हता. ते चालूच होतं. मी रोज त्याचे बुश मार्क करत होते, आता बरोबर पाच लिहून, आणि ते गाडीत चढत होते.

दुपारच्या चहाला मी शेठच्या केबिनमध्ये गेले. रजिस्टर, मेलची प्रत, माझ्या स्क्रीनचा फोटो. त्यांनी तिन्ही शांतपणे पाहिलं. ओरडले नाहीत. त्यांनी आधी सेटरला पाच नंबर बंद करायला सांगितलं. बोअरिंग बारची इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट नीट घातला नव्हता, आणि पहिला नग गेजने न पाहता मुलाने लॉट सुरू केला होता. नंतर कुणीतरी वरवर आकडा हलवला होता, त्यामुळे माप कधी आत, कधी बाहेर. शेडमध्ये पडलेले सहाशे नग आम्ही रात्री आठपर्यंत गेजने तपासले. अकरा बाद निघाले. ग्राहकाकडे गेलेल्या मालाचं काय, असं मी विचारलं. दुसऱ्या दिवशी दोन माणसं तिकडे तपासणीला पाठवली. ती का आलीत हे मात्र तिथे कुणाला सांगितलं नाही. अहवाल आधीच बंद झाला होता, आणि बंद झालेला अहवाल पुन्हा उघडणं म्हणजे ऑडिटला घरी जेवायला बोलावणं, असं शेठ म्हणाले.

माझी नोकरी गेली नाही. मुलाचीही नाही, त्याला दोन दिवस नुसतं गेज हातात घेऊन उभं केलं. पंधरा दिवसांत माझ्या टेबलाला हँड स्कॅनर आला. आता रूट कार्डवरचा बारकोड मारला की मशीनचा आकडा आपोआप येतो, मला टाइप करावा लागत नाही. तो स्कॅनर मागायला मी आधी दोनदा सांगितलं होतं, तेव्हा खर्च म्हणून नाही म्हणाले होते. हे मी माझी चूक हलकी करायला सांगत नाहीये. बरं, थोडी हलकी करायलाच सांगतेय.

काकांना परत बोलावलं नाही. शेठ म्हणाले, त्यांना चाकणला लागलंय काम, आता कशाला. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी मी त्यांना फोन केला. सगळं सांगितलं, सात दिवसांसकट. पलीकडे बराच वेळ फक्त मशीनचा आवाज येत होता, त्यांना गुरुवारी सुट्टी नव्हती. मग म्हणाले, "माझं बोअर बरोबर होतं म्हणजे."

"हो काका."

"मी घरी पण सांगितलं होतं, बरोबर होतं म्हणून. बायको म्हणाली, वय झालं, नजर गेली असंल. मी चष्म्याचा नंबर काढून आलो."

मी सॉरी म्हणाले. ते काही बोलले नाहीत. मी पेल्याचं विचारलं, तर म्हणाले, ठेव तुझ्याकडं. मला वाटलं, फोन ठेवतील. पण त्यांनी विचारलं, "ते चौकोन वाचायचं फोनमधलं कुठलं असतं? इथंबी मारतात आमच्या मालावर. मला बघायचंय माझ्या नगावर काय लिहितात ते."

मी सांगितलं, एवढा बारीक कोड फोनला लगेच वाचता येत नाही. आधी तेल पुसायचं. उजेड सरळ वरून नको, तिरका पडू द्यायचा. फोन जवळ नेऊन थोडा मागे घ्यायचा, म्हणजे फोकस धरतो.

"कानानं नाही ना लावायचा?" ते म्हणाले.

मी त्यांना ॲपची लिंक पाठवली. संध्याकाळी दोन निळ्या टिका आल्या. रात्री त्यांचा मेसेज आला, एकच ओळ, कोडमधली सोळा अक्षरं जशीच्या तशी, आणि खाली प्रश्न: यातला मशीनचा आकडा कितवा?

त्या कंपनीची मांडणी वेगळी होती, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या मशीनचा नंबर काय? ते म्हणाले, सात. ओळीत दोन ठिकाणी सात होता. उद्या शेजारच्या मशीनचा एक नग वाचा, मी लिहिलं, मग कळेल कुठला बदलतो.